तरवड अंगणात रुजवायचा तर बियांपासून सुरुवात करा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. माहेर सांगोल्याकडचे. तिथे बांधावर, ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला तरवड पिवळाधमक फुललेला असायचा आणि नवरात्रात घटाला त्याच्याच माळा जायच्या. आता पुण्यात घरापुढे थोडे अंगण आहे, तिथे एक तरी तरवड असावा अशी इच्छा आहे. दोन वर्षांत तीनदा गावाकडून रोप उपटून, मुळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणले आणि तिन्ही वेळा आठवड्याच्या आत वाळले. मग बी आणून कुंडीत टाकले, महिनाभर न चुकता पाणी घातले, एकही उगवले नाही. "हे रानचे झाड घरी येतच नाही का?" असे तुम्ही विचारता.

येते, आणि एकदा लागले की वीस वर्षे हलत नाही. तुमची दोन्ही वेळची चूक प्रत्येकाची होते, माझीही झाली होती. मी फलटणच्या बाजूला बावीस वर्षे देशी झाडांची रोपवाटिका चालवतो आणि दरवर्षी तरवडाची दोनेकशे रोपे करतो. आधी तुमची रोपे का मेली ते सांगतो, कारण ते कळले की पुढचे निम्मे काम आपोआप समजते.

तरवड हे माळरानाचे झाड. मुरमाड, खडकाळ, पावसाचे पाणी थांबत नाही अशा जमिनीत ते वाढते. अशा जागी जगायचे तर पाणी खोलवर जाऊन शोधावे लागते, म्हणून रोप जमिनीवर वाढण्याआधी जमिनीखाली वाढते. गुडघ्याएवढे रोप तुम्हाला कोवळे वाटते, पण त्याचे सोटमूळ तोपर्यंत हातभर खाली गेलेले असते आणि पाणी शोषणारी बारीक तंतुमुळे बहुतेक त्या मुळाच्या टोकाकडे असतात. आपण उपटतो तेव्हा हाताशी येतो तो वरचा वीतभर दांडा. कामाचा भाग खालीच तुटून राहतो. मग ओले फडके गुंडाळा नाहीतर बादलीत ठेवा, त्या दांड्याला पाणी पिता येत नाही. पाने मात्र उन्हात पाणी सोडत राहतात. आठवड्यात रोप वाळते ते तहानेने, आणि पायाशी ओल असताना.

हे मी फार जवळून पाहिले आहे. आमच्या जवळचा एक रस्ता रुंद होणार होता आणि कडेचे तरवड यंत्राखाली जाणार हे दिसत होते. चार माणसे लावून मे महिन्यात चोवीस झुडपे मातीच्या गड्ड्यासह काढली. पोत्यात बांधली, सावलीत ठेवली, रोज फवारा मारला. जगली फक्त दोन, तीही अगदी लहान होती म्हणून. एका झुडपाचे मूळ किती खोल आहे ते पाहायचे म्हणून आम्ही बाजूने खणत गेलो. छातीएवढ्या खड्ड्यात माणूस उतरला तरी मूळ संपले नव्हते, आणि मुरमाच्या दोन थरांच्या फटीतून ते बोटाएवढे जाड होऊन सरळ खाली चालले होते. त्या दिवसापासून मी कुणालाही मोठा तरवड उपटून देत नाही. तुम्हीही गावाकडचे उभे झाड काढू नका. तिथलेही जाते आणि इथेही लागत नाही.

आता बी. पण बी गोळा करण्याआधी ते तरवडाचेच आहे याची खात्री करा. पिवळी फुले, जोडीजोडीची पाने आणि शेंगा एवढ्यावरून ओळखायला गेलात तर फसगत होते. टाकळा, रानकासविंदा आणि शहरातल्या रस्त्यांच्या कडेचा कासोद, सगळे याच गोतावळ्यातले. रोपवाटिकांत मिळणारे एक शोभेचे पिवळे झुडूपही कधीकधी 'तरवड' म्हणून विकले जाते. सोनामुखीला भुईतरवड म्हणतात, त्यामुळे घोटाळ्यात भर पडते. तरवड ओळखायची सर्वांत सोपी खूण फुलात नाही, पानाच्या देठाच्या बुडाशी आहे. तिथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी हिरवी, रुंद, गोलसर उपपर्णे असतात आणि ती गळत नाहीत, फांदीवर टिकून राहतात. त्या 'कानां'वरूनच शास्त्रज्ञांनी याचे जातिनाम 'ऑरिक्युलाटा' ठेवले आहे. पूर्ण नाव सेना ऑरिक्युलाटा, जुन्या पुस्तकांत कॅसिया ऑरिक्युलाटा. शेंगही वेगळी असते: चपटी, कागदासारखी पातळ, बोटाएवढी लांब, आत प्रत्येक बीचा फुगवटा बाहेरून दिसणारी. टाकळ्याची शेंग बारीक, लांब आणि धनुकलीसारखी वाकलेली असते. एकदा दोन्ही हातात घेतल्या की पुन्हा गफलत होत नाही.

तरवड थोडाफार वर्षभर फुलतो, पण खरा बहर पावसाळा सरताना, भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत. त्या बहराच्या शेंगा पौष-माघात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत पिकतात. शेंग तपकिरी झाली आणि हलवल्यावर आत बी खुळखुळले की तोडायची. जमिनीवर पडलेल्या शेंगा उचलू नका, त्यांत बहुतेक बियांना कीड लागलेली असते. शेंगा कागदावर पसरून दोन दिवस उन्हात ठेवा, मग चोळून बी मोकळे करा. प्रत्येक बी हातात घेऊन पाहा. ज्याला टाचणीने पाडावे तसे गोल छिद्र आहे ते फेकून द्या. त्यातून बीतला भुंगेरा बाहेर पडलेला असतो आणि आतला गर त्याने खाल्लेला असतो. उरलेले बी पाण्यात टाका, तरंगेल तेही काढून टाका. पन्नास बियांतून तीस चांगल्या निघाल्या तरी पुरे, तुम्हाला दोन-तीनच झाडे हवी आहेत.

रस्त्याच्या कडेचे किंवा कुणाच्या बांधावरचे असेल तर विचारून घ्या, आणि एका झाडाच्या सगळ्या शेंगा ओरबाडू नका. अभयारण्यातून, राखीव वनातून काही आणायचे नाही, बीसुद्धा नाही.

आता तुमचे बी का उगवले नाही ते. तरवडाचे बी हिरवट तपकिरी, चपटे, गुळगुळीत असते. नखाने दाबले तर खड्यासारखे लागते. त्याचे साल इतके घट्ट असते की पाणी आत शिरतच नाही. तुम्ही महिनाभर पाणी घातले, पण बीच्या दृष्टीने पाऊस पडलाच नव्हता. ही झाडाची फार शहाणी सोय आहे. माळावर एखाद्या वळवाने सगळे बी एकदम उगवले आणि पुढे पावसाने दडी मारली, तर त्या वर्षीची सगळी पिढी जाते. म्हणून साल कठीण. उन्हाळ्यात तापून, रात्री निवून, मुरमात घासून, कुजून काही बियांचे साल यंदा तडकते, काहींचे पुढच्या वर्षी, काहींचे त्याही पुढे. दुष्काळी मुलखातल्या झाडाने आपली शिल्लक अशी जमिनीत ठेवलेली असते. कुंडीत आपल्याला एवढी वाट पाहायची नसते, म्हणून साल आपण फोडायचे.

थोड्या बियांसाठी माझी आवडती पद्धत नखे काढायच्या नेलकटरची. बी दोन बोटांत धरून उजेडात पाहा. एक टोक जरा निमुळते असते आणि तिथे अगदी बारीक ठिपका दिसतो. बी शेंगेला चिकटलेले असते ती ही जागा. आतला कोंब तिथेच असतो, म्हणून या टोकाला हात लावायचा नाही. उलट बाजूच्या रुंद कडेला नेलकटरची धार टेकवा आणि फक्त सालाचा टवका उडेल एवढेच दाबा. 'टक्' असा आवाज येतो आणि तपकिरी सालाखाली पिवळसर पांढरा ठिपका दिसतो. बस, मोहरीएवढी खाच पुरते. खोल गेलात तर आतली डाळ कापली जाते आणि बी जमिनीत कुजते. हे करताना बी बोटांतून फार उडते, तेव्हा ताटात हात धरून करा. नेलकटर नको असेल तर सुताराकडचा पॉलिश पेपर घ्या आणि त्याच कडेला आठ-दहा वेळा घासा, चमक जाऊन आतला फिका रंग दिसेपर्यंत.

खाच पाडलेले बी रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. सकाळी वाटीत पाहाल तर बी दुप्पट फुगलेले, मऊ आणि फिके झालेले दिसेल. जे तसेच कडक राहिले त्याला खाच नीट लागलेली नाही, ते परत घ्या. मला इतकी वर्षे झाली, तरी सकाळी त्या वाटीवरचे झाकण काढताना आनंद होतो.

बी जास्त असेल तर गरम पाणी. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, दोन मिनिटे थांबा, मग त्यात बी टाका आणि तसेच रात्रभर निवू द्या. बियांच्या पाच-सहा पट तरी पाणी हवे. गॅसवर बी शिजवायचे नाही, एवढे लक्षात ठेवा. या पद्धतीने सगळे बी फुगत नाही. फुगलेले वेचून पेरा, उरलेल्यावर पुन्हा तेच करा. प्रयोगशाळेत आम्लात बुडवून साल झिजवतात. घरी कुणी तसे करू नये.

फुगलेले बी त्याच दिवशी पेरायचे. ठेवले तर वास मारते. इथे पिशवीचे महत्त्व आहे. पसरट कुंडी किंवा ट्रे नको. उंच पिशवी घ्या, किमान दहा इंच, म्हणजे सोटमुळाला सरळ खाली जाता येईल. आखूड पिशवीत मूळ तळाशी आपटते आणि वेटोळे घालते. ते वेटोळे पुढे जमिनीत लावले तरी सुटत नाही. झाड दोन-तीन वर्षे वाढते आणि एखाद्या वादळी पावसात मुळासकट आडवे होते. पिशवीच्या तळाला आणि बाजूंना पुरेशी भोके असू द्या. माती म्हणून दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू, आणि अर्धा भाग चांगले कुजलेले शेणखत. नुसते विकतचे कोकोपीट भरू नका, ते ओल धरून ठेवते आणि याला तीच बाधते. पिशवीत दोन बिया, बोटाच्या पहिल्या पेराच्या निम्म्याइतक्या खोल. दोन्ही उगवल्या तर एक कात्रीने कापा, उपटू नका. एकीबरोबर दुसरीचेही मूळ हलते.

मी मार्च अखेरीस ते एप्रिलमध्ये पेरतो. उष्णता याला हवीच असते. खाच पाडलेले बी त्या दिवसांत पाच ते दहा दिवसांत वर येते. आधी दोन जाड डाळिंब्या उघडतात, मग तीन-चार जोड्यांचे पहिले पान. संध्याकाळी ही पाने मिटून खाली झुकतात. बरेच जण ते पाहून रोप सुकले म्हणून पाणी घालतात. ते सुकलेले नसते, झोपलेले असते, सकाळी उघडते. पहिले पंधरा दिवस दुपारच्या वेळी हिरव्या जाळीची सावली द्या, नंतर पूर्ण ऊन. पाणी वरची माती कोरडी झाल्यावरच. उगवण झाल्यावर रोप मातीलगत बारीक होऊन कोसळत असेल तर ती मर. तिचे कारण जवळपास नेहमी जादा पाणी असते. मातीत आधीच ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळली तर ती बरीच टळते.

पावसाळा सुरू झाला की, म्हणजे रोप दहा-बारा आठवड्यांचे आणि वीतभर झाल्यावर, ते कायमच्या जागी लावा. यापेक्षा जास्त दिवस पिशवीत ठेवायचे नाही. पिशवीच्या बुडातून मूळ बाहेर डोकावू लागले की वेळ झाली असे समजा. पिशवी बाजूने चिरून काढा, मातीचा गड्डा फुटू देऊ नका.

जागा निवडताना एकच अट कडक पाळा: दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन. सावलीत तरवड जगतो, उंच आणि हिरवागार दिसतो, पण फुलत नाही. पुण्यात तुमच्या अंगणात काळी माती असेल तर खड्डा करून त्यात लावू नका. खड्ड्यात पावसाळाभर पाणी साचेल. उलट करा. दोन-तीन घमेली मुरूम आणि दगडगोटे टाकून फूटभर उंचवटा करा आणि त्यावर लावा. मूळ पुढे आपल्या चालीने काळ्या मातीत उतरते, फक्त खोड आणि वरची मुळे ओलीत राहायला नकोत. काळ्या मातीच्या बांधावर तरवड चांगला येतो तोही बांध उंच असतो म्हणूनच. कोकणात हे झाड का कमी दिसते याचेही उत्तर इथेच आहे. कोकणात राहणाऱ्या कुणाला लावायचा असेल तर त्यांनी उतारावर, दगडी गडग्याच्या माथ्याशी प्रयत्न करावा.

अंगण फरशीचे असेल तर मोठी, खोल कुंडी चालते, सोळा इंचांपेक्षा लहान नको. कुंडीत झाड कंबरेएवढेच राहते आणि उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी मागते. पण जमिनीची सोय असेल तर जमिनीतच लावा, कुंडीतल्या तरवडाला जमिनीतल्याची सर येत नाही.

पहिला उन्हाळा सांभाळायचा. आठ दिवसांतून एकदा बादलीभर पाणी, बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन. रोज थोडेथोडे नको, त्याने मुळे वरच राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यापासून जमिनीतल्या झाडाला पाणी बंद केले तरी चालते.

खताबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे प्रेमापोटी नुकसान होते. सुरुवातीच्या काळात मी बारा तरवड डाळिंबाच्या ओळीच्या कडेला लावले होते. ठिबकचे पाणी आणि डाळिंबाला घातलेले खत त्यांनाही मिळायचे. वर्षात डोक्याएवढे झाले. पाने तळहाताएवढी लांब, गर्द हिरवी. मी सगळ्यांना बोलावून दाखवायचो. नवरात्र आले, माळावरचे खुरटे तरवड पिवळे झाले आणि माझ्या बारा झाडांवर मिळून ओंजळभर फुले. वर त्या लुसलुशीत शेंड्यांवर पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी कापसासारखी कीड, बसला. मी पाणी तोडले, खत तोडले, झाडे निम्मी छाटली. पुढच्या भाद्रपदात ती फांदीफांदीला फुलली. तेव्हा लागवडीच्या वेळचे दोन ओंजळी शेणखत एवढेच याचे खत. युरिया तर नकोच.

याच्याच जोडीला एक गैरसमज दूर करतो. तरवड शेंगवर्गीय, म्हणून तो हवेतले नत्र जमिनीत साठवतो, त्याच्या शेजारी काहीही लावा, असे बरेचदा सांगितले जाते. या गटातल्या झाडांच्या मुळांवर भुईमूग-हरभऱ्यासारख्या गाठी होत नाहीत. मी रोपांच्या मुळ्या धुऊन कितीदा तरी पाहिल्या आहेत. पाल्याचे हिरवळीचे खत मात्र उत्तम होते. छाटलेल्या कोवळ्या फांद्या फेकू नका, इतर झाडांच्या आळ्यात पसरा.

फांदीपासून रोप होते का, असेही तुम्ही विचारले आहे. होते, पण भरवशाचे नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलएवढ्या जाडीच्या, अर्धवट जून फांद्या वीतभर कापून, मुळे फुटण्याची पावडर लावून वाळूत लावल्या तर माझ्याकडे दहातल्या दोन-तीन लागतात. आणि त्यांना सोटमूळ नसते. ज्या मुळाच्या जोरावर हे झाड मे महिन्यात हिरवे राहते तेच नाही म्हटल्यावर मी त्या वाटेला जात नाही. बी फुकट मिळते आणि नेलकटर घरात असतो.

छाटणी मात्र दरवर्षी करा. तरवडाची फुले नव्या फुटीच्या टोकाला झुबक्याने येतात. छाटले नाही तर झुडूप खालून उघडे, दांडकी दांडकी दिसते आणि फुले डोक्याच्या वर जातात. शेंगा काढून झाल्या की, फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये, सगळ्या फांद्या जमिनीपासून गुडघा ते मांडीएवढ्या उंचीवर कापा. भीती वाटेल, पण रानात याला सरपणासाठी, दातणासाठी, सालीसाठी कायम तोडतच आले आहेत, आणि ते पुन्हा फुटत आले आहे. पाऊस पडला की प्रत्येक फांदीला चार-पाच फुटवे येतात. जूनच्या शेवटी फुटव्यांचे शेंडे एकदा खुडा. जुलैनंतर कात्री लावू नका, नाहीतर नवरात्राची फुले तुम्हीच कापून टाकाल. पहिल्या वर्षी अजिबात छाटू नका. कुंपण म्हणून लावायचा असेल तर दोन-दोन फुटांवर लावून दरवर्षी हीच छाटणी. शेळ्या-गुरे याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तर तो चराऊ माळावर टिकला.

झाड फुलले की एका सकाळी आठ-नऊच्या सुमारास त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहा. फूल रुपयाच्या नाण्याहून बरेच मोठे, पाच पाकळ्यांचे, पिवळ्यावर नारिंगी शिरा. पुंकेसर दहा असतात, पण सारखे नसतात. वरचे तीन वांझ, मधले आखूड, खालचे तीन लांब आणि वळलेले. या फुलात मध नसतो. फक्त पराग असतात, आणि तेही मिठाच्या डबीसारख्या, टोकाला भोक असलेल्या परागकोशांत बंद. काळा मोठा भुंगा येतो, मधल्या पुंकेसरांना पायांनी मिठी मारतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. उडतानाचा 'घूं' आणि हा आवाज वेगळा, हा जास्त बारीक आणि तुटक असतो, कान दिला की कळतो. त्या कंपनाने पराग फवाऱ्यासारखे बाहेर उडतात. मधल्यांचे भुंगा पिलांसाठी नेतो. खालच्या लांब पुंकेसरांचे त्याच्या अंगावर नेमके अशा जागी चिकटतात की पुढच्या फुलाच्या स्त्रीकेसराला ते लागावेत. भुंगे नसतील तर झाड फुलेल पण शेंगा कमी धरेल. म्हणून घराजवळ एखादे वाळके लाकूड, जुना वासा, पोकळ बांबू असेल तर राहू द्या. भुंगे त्यात भोक पाडून घर करतात.

पावसाळ्यात पानांवर हिरव्या, बाजूने फिकट पांढरी रेघ असलेल्या अळ्या दिसतील आणि काही फांद्या पार खराट्यासारख्या होतील. कृपा करून फवारणी करू नका. त्या पांढरट-पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या आहेत आणि तरवड त्यांचे हक्काचे घर आहे. दोन-तीन आठवड्यांत नवी पाने येतात, बहराला काही होत नाही. पानाच्या मधल्या दांड्यावर, पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बारीक काड्यांसारख्या ग्रंथी असतात. तिथे गोड रस सुटतो म्हणून मुंग्या फिरताना दिसतील. त्यांनाही हाकलू नका, त्या अळ्यांची अंडी उचलून झाडाची थोडीफार राखण करतात. पिठ्या ढेकूण आला तर मात्र ती फांदी कापून टाका. हिवाळ्यात पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, येते, ती औषधाशिवाय उन्हाने जाते.

औषधी उपयोगाबद्दल तुम्ही ओझरते विचारले आहे. आयुर्वेदात याला आवर्तकी म्हणतात, आणि सुकवलेल्या फुलांचा चहा मधुमेहासाठी म्हणून हल्ली बाजारात मिळतो. मी माळी आहे, वैद्य नाही. कुणी मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा चहा सुरू करू नये, एवढेच सांगेन. एकेकाळी या झाडाची मोठी किंमत होती ती सालीसाठी. कातडे कमवायला तरवडाची साल बाभळीच्या सालीइतकीच मानाची, आणि इंग्रजी व्यापारी कागदपत्रांतही ती 'तरवड' याच नावाने जायची.

आपल्याकडे याला आता बांधावरचे झुडूप म्हणून यंत्राने साफ करतात. याचे मला फार वाईट वाटते. सीमेपलीकडे तेलंगणात २०१४ साली वेगळे राज्य झाले, तेव्हा त्यांनी याच फुलाला, त्यांच्या तंगेडूला, राज्यपुष्प केले. बतुकम्माच्या सणात बायका फुलांचे जे मनोरे रचतात त्यात तंगेडू हवाच. तमिळनाडूत पोंगलच्या वेळी कडुनिंबाच्या डहाळीबरोबर आवारमची फुले दाराला बांधतात. तेच झाड, तोच कोरडा मुलूख, आणि आपल्याकडे घटाची माळ.

तुमच्या माळेचा हिशेब सांगून थांबतो. येत्या एप्रिलमध्ये पेरलेत तर त्या नवरात्रात चार-दोन फुले मिळाली तर मिळाली, त्यावर विसंबू नका. त्याच्या पुढच्या नवरात्रात तीन झाडांवर घटापुरती माळ नऊही दिवस निघेल. फुले सकाळी लवकर, दव असतानाच तोडा. पूर्ण उमललेली नको, पाकळ्या नुकत्या सुटू लागलेल्या कळ्या घ्या. उमललेल्या फुलाच्या पाकळ्या ओवतानाच गळतात. देठ अर्धा इंच ठेवा आणि सुई फुलातून न घालता देठाच्या वरच्या हिरव्या भागातून घाला. माळ ओल्या सुती फडक्यात ठेवली तर दुपारपर्यंत ताजी राहते. प्रत्येक झाडाची एक फांदी अजिबात तोडू नका, तिच्यावर पौषात शेंगा पिकतील. त्यांचे बी उन्हात वाळवून, कडुनिंबाचा वाळका पाला घालून काचेच्या बरणीत ठेवा. साल कठीण असल्याने ते वर्षानुवर्षे टिकते. शेजारीपाजारी कुणी मागितले तर दहा बिया द्या आणि खाच कुठे पाडायची तेही दाखवा.